इग्निशनमध्ये चावी तुटली: तुकडा कसा काढायचा आणि हात कधी आवरायचा

आधी लक्षणं

चावी एका दिवसात तुटत नाही. त्याआधी दोन-चार महिने कुलूप कुरकुरत असतं. आपण दोन बोटांच्या जागी मूठ वापरायला लागतो आणि एक दिवस नुसतं डोकं हातात येतं. म्हणून तुटण्याआधीच्या खुणा पहिल्यांदा:

चावी पूर्ण आत गेली तरी फिरत नाही. केसभर बाहेर ओढून, वरखाली हलवून मग फिरते.
गाडी उतारावर लावली की सकाळी अडते, सपाटीवर लावली की त्रास नाही.
बंद केल्यावर चावी बाहेर काढताना ओढावी लागते.
चावी काचेवर आडवी ठेवली की पातं डुलतं. म्हणजे ते वाकलं आहे.
सर्वांत खोल खाचेपाशी, उन्हात धरल्यावर, केसाएवढी काळी रेघ दिसते. ही रेघ दिसली की ती चावी त्याच दिवशी बाजूला ठेवायची. ‘उद्या डुप्लिकेट करू’ म्हणणाऱ्याची चावी उद्या सकाळीच तुटते.

तुटून गेली असेल तर आता काय दिसतंय ते नीट बघा, कारण पुढचा सगळा उपाय त्यावर ठरतो. तुकडा दोनेक मिलिमीटर तरी बाहेर आहे का? की भोकाच्या तोंडाशी सपाट तुटला आहे? की आत गेला आहे आणि टॉर्च मारल्याशिवाय दिसतच नाही? आणि या तिन्हीपेक्षा महत्त्वाचं: डॅशबोर्डवरचे दिवे लागलेले आहेत की सगळं विझलेलं आहे?

एक प्रकार मात्र तुटण्यात मोजू नका. बटण दाबल्यावर पातं उघडणाऱ्या फ्लिप चावीत पातं एका बारीक पिनेवर बसवलेलं असतं. ती पिन झिजून पडली की पातं अख्खं कुलपात राहतं आणि रिमोट हातात येतो. पातं बाहेर भरपूर असतं. पकडीने धरून सरळ ओढलं की निघतं. नवीन पिन किंवा नवीन कवर बसवायचं, झालं काम.

पहिल्या पाच मिनिटांत काय करू नये

तुटलेली चावी काढणं बहुतेक वेळा सोपं असतं. अवघड होतं ते पहिल्या पाच मिनिटांत केलेल्या उद्योगांनी. कुलूपवाल्याकडे आलेल्या गाड्यांत निम्मं काम चावी काढण्याचं नसतं, आधीच्या माणसाने आत घातलेलं काढण्याचं असतं.

दुसरी चावी घालून बघू नका. घरची स्पेअर आणली आणि ‘जाते का बघू’ म्हणून ढकलली की तुकडा आणखी आत, कुलपातल्या शेवटच्या पत्तीच्या (चावीच्या खाचांवर बसणाऱ्या पातळ पट्टीच्या) पलीकडे जातो. तिथून तो ओढून काढता येत नाही. कुलूप खोलावं लागतं.

फेविक्विक लावून डोकं चिकटवू नका. एक थेंब आत ओघळला की कुलपातल्या पत्त्या जागच्या जागी घट्ट बसतात. मग तुकडाही गेला आणि कुलूपही.

लोहचुंबक आणायला धावू नका. गाडीच्या चाव्या बहुतेक पितळेच्या किंवा निकेल-सिल्व्हरच्या असतात, त्यांना चुंबक धरत नाही. वर निकेलचा मुलामा असला तरी तो तुकडा ओढण्याइतका जाड नसतो.

खोबरेल तेल, इंजिन ऑइल, शिलाई मशीनचं तेल यातलं काहीही ओतू नका. त्याचं कारण पुढे येईल.

गाडी जागेवर धरा

चढउतार असेल तर हँडब्रेक पूर्ण ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि दोन चाकांना दगड लावा. सातारकरांना हे सांगावं लागू नये, पण यवतेश्वर घाटात किंवा अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर लोक नेमके हे विसरून कुलपात डोकं घालून बसतात. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर ‘पी’वर (पार्कवर) आहे याची खात्री करा.

गाडी महामार्गाच्या कडेला असेल, विशेषतः खंबाटकीच्या वळणांवर, तर तिथे काही दुरुस्ती करायची नाही. पार्किंगचे दिवे (चारही इंडिकेटर) लावा, माणसांना रस्त्यापासून लांब उभं करा आणि १०३३ वर फोन करा. राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी तोच क्रमांक आहे.

चावी ‘ऑन’वर असताना तुटली आणि इंजिन चालूच राहिलं, असंही होतं. घाबरायचं कारण नाही. स्टीअरिंग आपोआप लॉक होत नाही, कारण त्यासाठी कुलूप फिरून ‘लॉक’वर यावं लागतं. गाडी आधी सुरक्षित जागी घ्या. मग इंजिन बंद करण्यासाठी, गाडी गिअरची असेल तर, ब्रेक पायाखाली घट्ट दाबा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन दबून बंद पडेल. पण इग्निशन अजून चालूच आहे हे विसरू नका. बॅटरी उतरत राहते आणि पेट्रोल गाडीत कॉइलही तापू शकते. म्हणून बॉनेट उघडून दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा. त्याआधी एक काच खाली करून ठेवा. लाइट गेल्यावर काचा आणि सेंट्रल लॉक दोन्ही बंद, आणि पर्स आत, असा दुसरा घोळ त्यावर नको.

पहिली तपासणी: कुलूप कोणत्या जागेवर आहे? (खर्च शून्य)

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर.

इग्निशनच्या कुलपात आठ-दहा पातळ पितळी पत्त्या असतात, प्रत्येकीमागे स्प्रिंग. चावी आत गेली की तिच्या खाचा या पत्त्यांना एका पातळीत आणतात आणि मधला सिलिंडर फिरतो. सिलिंडर ‘लॉक’च्या जागेवर असतो तेव्हा बाहेरच्या घरात पत्त्यांना सरकायला जागा असते. त्यामुळे चावी ओढताना पत्त्या तिच्या दातांवरून वरखाली होतात आणि चावी निघते. सिलिंडर ‘एसीसी’ (इंजिनाशिवाय रेडिओ वगैरे चालतो ती जागा) किंवा ‘ऑन’वर गेला की ती जागा समोर उरत नाही. पत्त्या दाबलेल्याच राहतात, चावीचे दात त्यांच्यात अडकतात आणि चावी बाहेर येत नाही. चालत्या गाडीतून चावी निघू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली आहे.

म्हणजे सिलिंडर ‘लॉक’वर नसेल तर जगातला कोणताही हूक लावून ओढा, तुकडा यायचा नाही. ओढाल तितक्या पत्त्या मात्र वाकतील.

कुलपाच्या तोंडाभोवती जागा कोरलेल्या असतात. भोक कोणत्या खुणेसमोर आहे ते टॉर्चने पाहा. ‘लॉक’समोर असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर तुकड्याच्या आधाराने सिलिंडर मागे फिरवायचा. पातळ, सपाट टोकाचा स्क्रू ड्रायव्हर भोकाच्या तोंडापाशी नुसता टेकवा, आत दाबू नका, आणि हलकेच ‘लॉक’कडे वळवा. बऱ्याच गाड्यांत ‘एसीसी’वरून ‘लॉक’वर येताना चावी किंचित आत दाबावी लागते; त्या एका ठिकाणी थोडासा दाब चालतो, त्याहून जास्त नाही. ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर ‘पी’वर नसेल तर सिलिंडर ‘लॉक’वर येतच नाही, मग दोष कुलपाला दिला जातो.

वळत नसेल तर दुसऱ्या हाताने स्टीअरिंग डावीकडे-उजवीकडे हलकं हलवून बघा. तरीही वळत नसेल तर इथेच थांबा. या अवस्थेतली गाडी घरच्या उपायाची नाही.

दुसरी तपासणी: पकडीत येतो का? (खर्च: घरातला चिमटा)

तुकडा दोन मिलिमीटर किंवा जास्त बाहेर असेल तर लांब चोचीची पक्कड पुरते. चोच भोकापेक्षा जाड असेल तर ती तुकड्याला धरण्याऐवजी आत ढकलते, म्हणून आधी रिकाम्या जागी उघडझाप करून अंदाज घ्या. घड्याळवाले वापरतात तसा टोकदार, दातेरी चिमटा अधिक बरा. भुवयांचा चिमटा मात्र निसटतो, आणि निसटताना तुकडा अर्धा मिलिमीटर आत ढकलून ठेवतो. अशा चार निसटण्यांत तुकडा तोंडाच्या आत गेलेला असतो.

पकडल्यावर वळवायचं नाही. सरळ रेषेत, चावी नेहमी बाहेर येते त्याच रेषेत ओढायचं. जोर लागतोय असं वाटलं तर ओढणं थांबवून अगदी बारीक वरखाली हलवा, पत्त्या सुटायला तेवढं बस होतं.

तिसरी तपासणी: कोरडं वंगण (खर्च शे-दोनशेच्या आत)

तोंडाशी तुटलेला तुकडा ओढण्याआधी आत घर्षण कमी केलेलं चांगलं. इथे तेल नको, कोरडं वंगण हवं. सांगली मार्केट यार्डाच्या आसपास हळदीच्या हंगामात गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा थर बसतो, तोच कुलपातही बसत असतो. ऊसतोडीच्या दिवसांत शेतातल्या वाटांवरची धूळ वेगळी. या बारीक भुकटीत तेल पडलं की त्याची लुगदी होते, ती स्प्रिंगच्या मागे जाऊन बसते आणि मग पत्त्या परत वर येत नाहीत. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे घाण सैल करायला एकदा चालतो, पण तो टिकणारं वंगण नव्हे. दर महिन्याला मारत राहिलं तर तोही धूळ धरतो.

दोन पर्याय आहेत. पहिला, ग्राफाइट पावडर: मऊ बाटलीतून एक-दोन हलके फुंकर. जास्त नको, कारण ग्राफाइटमधून वीज वाहते आणि कुलपाच्या मागच्या टोकाला इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट असतात. दुसरा, कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे: बारीक नळी तोंडाशी लावून एक सेकंदापेक्षा कमी, मग तीन-चार मिनिटं वाळू द्यायचा. हे स्प्रे पेट घेतात, म्हणून बॅटरीची केबल सोडलेली असावी आणि शेजारी कुणी विडी-सिगारेट ओढत नसावं. आणि दोन्ही एकत्र वापरू नका. ओल्या स्प्रेवर ग्राफाइट टाकलं की काजळीचा चिखल होतो.

काहीच नसेल तर चित्रकलेची ६बी पेन्सिल ब्लेडने खरवडून चिमूटभर भुकटी चालते. त्यात माती मिसळलेली असते, म्हणून ही रोजची सवय करू नका.

चौथी तपासणी: करवतीचं पातं (खर्च पाच-पन्नास रुपये)

तोंडाशी सपाट किंवा दोन-तीन मिलिमीटर आत असलेल्या तुकड्यासाठी सगळ्यात स्वस्त आणि खरंच चालणारं हत्यार म्हणजे सोनारांच्या करवतीचं बारीक पातं. ज्या विटा-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगली, तिथे हे मिळायला अडचण नसावी. सांगली-साताऱ्यात सराफी पेठेच्या आसपासच्या हत्यारांच्या दुकानात मागा. लाकूड कोरायच्या बारीक करवतीचंही चालतं. लोखंड कापायच्या हॅकसॉचं पातं चालत नाही, ते रुंद असतं आणि भोकात जातच नाही.

पात्याच्या दातांची दिशा महत्त्वाची आहे. पातं नखावरून आपल्याकडे ओढा. दात अडले तर ती बाजू बरोबर. नुसतं सरकलं तर पातं उलटं धरा. दात बाहेरच्या दिशेला असले तरच ते तुकड्यात रुततात.

आता भोकात टॉर्च मारून चावीचे दाते कोणत्या कडेला आहेत ते बघा. गाडीच्या चाव्यांना बहुतेक दोन्ही कडांना दाते असतात. त्या कडेला लागून पातं सावकाश आत सरकवा. करवतीचे दात चावीकडे असले पाहिजेत. पातं दहा-बारा मिलिमीटर आत गेलं की बोटांनी किंचित पिळा, म्हणजे दात चावीच्या खाचेत अडकतील, आणि सरळ बाहेर ओढा. पहिल्यांदा निसटेल. दुसऱ्यांदाही निसटेल. दर वेळी तुकडा अर्धा-एक मिलिमीटर पुढे येत असेल तर काम बरोबर चाललं आहे. तो बाहेर दिसला की चिमट्याने घ्या.

एका पात्याने तुकडा तिरका होत असेल तर दुसरं पातं समोरच्या कडेने घाला आणि दोन्ही एकत्र धरून ओढा. या जोडीने निघणारे तुकडे एकट्या पात्याच्या दुप्पट असावेत, असा आमचा अंदाज आहे.

ही पाती ठिसूळ असतात. जोरात पिळलं की टोक आत तुटतं. चष्मा घाला, आणि टोक तुटलंच तर तिथे मात्र चुंबक चालतो, कारण पातं पोलादी आहे. ते टोक काढल्याशिवाय पुढचा प्रयत्न नाही.

मधोमध नाळ कोरलेल्या जाड, लेझर कट चाव्यांना कडेला दातेच नसतात. पातं त्या नाळेतून घालावं लागतं आणि पकड कमी मिळते. तोंडापाशी असेल तर प्रयत्न करा, आत गेला असेल तर नको.

पाचवी तपासणी: तयार एक्स्ट्रॅक्टर

चावी काढायचे हूकचे सेट ऑनलाइन मिळतात: एकदाती हूक, वळसेदार टोक, काटेरी पट्टी. वापरायची रीत वरच्यासारखीच. वळसेदार, स्क्रूसारखं टोक खोल तुकड्यासाठी असतं. ते चावीच्या बाजूने आत घालून पाव ते अर्धा फेरा द्यायचा, पूर्ण फिरवत बसायचं नाही. एकाच प्रसंगासाठी हा सेट घेणं परवडत नाही. चार-पाच गाड्या असलेल्या ट्रॅव्हल्सवाल्याने ठेवावा.

वेळेचं भान ठेवा. वीस मिनिटं झाली आणि तुकडा जागचा हलला नाही, तर पुढची वीस मिनिटंही तो हलणार नाही. तोपर्यंत भोकाचं तोंड खरचटलेलं असतं आणि कुलूपवाल्याचं काम वाढलेलं असतं.

इथे थांबायचं

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर हत्यारं खाली ठेवा:

तुकडा प्रत्येक प्रयत्नात आत चालला आहे.
सिलिंडर ‘लॉक’वर येत नाही.
पात्याचं किंवा हुकाचं टोक आत तुटलं आणि चुंबकाने आलं नाही.
कुणीतरी आधीच फेविक्विक वापरलं आहे.
सिलिंडर तुकड्याशिवाय, नुसत्या स्क्रू ड्रायव्हरने गोल फिरतोय. म्हणजे आतल्या पत्त्या गेल्या आहेत.
पुढचं पाऊल स्टीअरिंगखालचं कवर काढायचं आहे.

या शेवटच्याविषयी लोक वाद घालतात, म्हणून कारण देतो. स्टीअरिंगच्या खांबात एअरबॅगची वायरिंग जाते, तिचे कनेक्टर बहुतेक पिवळे असतात. बॅटरी सोडल्यावरही एअरबॅगच्या सर्किटमध्ये काही काळ वीज शिल्लक राहते. किती वेळ थांबायचं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. शिवाय स्टीअरिंग लॉकचं घर ज्या बोल्टनी बसवतात त्यांची डोकी कारखान्यातच आवळताना मुद्दाम तोडलेली असतात, चोराला पाना लागू नये म्हणून. ते ड्रिल करून काढावे लागतात. अर्धवट ड्रिल केलेलं स्टीअरिंग लॉक चालत्या गाडीत मध्येच अडकलं तर काय होईल, याचा विचार करावा. हे काम पाहून शिकायचं नाही.

कुणाला बोलवायचं

तुकडा ‘लॉक’वर असून नुसता आत गेला आहे, तर डुप्लिकेट चावीवाला पुरे; सांगली, मिरज, सातारा, कराड कुठेही मिळतो. पण गाडीला चिप असेल तर त्याच्याकडे चिप प्रोग्रॅम करायचं मशीन आहे का ते फोनवरच विचारा. नाहीतर तुकडा निघतो, नवी चावी कापली जाते, स्टार्टर फिरतो आणि गाडी सुरू होत नाही. डॅशबोर्डवर चावीचं किंवा गाडी-कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहिलं तर समजायचं, चावी बरोबर आहे, चिप ओळखली जात नाही.

चिप बहुतेक चाव्यांत प्लास्टिकच्या डोक्यात असते आणि तिला बॅटरी लागत नाही. कुलपाच्या तोंडाभोवती तारेचं एक कडं असतं, तेच तिला वीज पुरवतं आणि वाचतं. म्हणून हातात आलेलं डोकं टाकून देऊ नका. जुनी चिप नव्या चावीच्या डोक्यात बसवली की प्रोग्रॅमिंगचा खर्च वाचतो.

तुकडा ‘ऑन’वर अडकला असेल, किंवा कुलूप खोलावं लागणार असेल, तर कंपनीचं वर्कशॉप किंवा लॉक सेटचं काम जाणणारा ऑटो इलेक्ट्रिशियन. फोनवर इतकं सांगा: गाडी, मॉडेल, साल, चावी दातेरी की नाळेची, चिप आहे का, तुकडा किती आत, कुलूप कोणत्या जागेवर, गाडी कुठे उभी. तो निम्मी हत्यारं घरी ठेवून येणार नाही. आल्यावर त्याने आरसी आणि ओळखपत्र मागितलं तर रागावू नका. जो मागत नाही त्याच्याकडून गाडीची चावी करून घेऊ नये.

कुलूप बदलायची वेळ आली तर दोन वाटा आहेत. नुसतं इग्निशनचं कुलूप बदललं तर दारांची चावी वेगळी, इग्निशनची वेगळी. पूर्ण लॉक सेट घेतला तर एकच चावी, खर्च जास्त. तिसरी वाट क्वचित कुणी सुचवतं: चांगला कारागीर नव्या कुलपातल्या पत्त्या जुन्या चावीच्या क्रमाने लावून देतो. विचारून तर बघा. इन्शुरन्समध्ये चावी बदलण्याचं जोडकलम घेतलेलं असेल तर खर्च करण्याआधी कंपनीला कळवा.

गाडी उचलून न्यायची असेल तर तुकडा आत असताना दोरी बांधून ओढू नका. स्टीअरिंग कधी लॉक होईल याचा भरवसा नसतो. फ्लॅटबेड (गाडी अख्खी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा, किंवा पुढची चाकं उचलून न्या.

तुकडा निघाला, आता खरं निदान

इथे बहुतेक लोक सुस्कारा सोडून डुप्लिकेट करून घेतात आणि सहा महिन्यांत पुन्हा त्याच ठिकाणी येतात. चावी तुटली हा परिणाम आहे. कारण तीनपैकी एक असतं, आणि ते शोधायला पैसे लागत नाहीत.

स्पेअर चावी घ्या. आधी ड्रायव्हरच्या दाराच्या भोकात, मग इग्निशनमध्ये, दहा-दहा वेळा घालून फिरवा.

स्पेअर दोन्हीकडे लोण्यासारखी फिरते: जुनी चावी झिजली होती. नवी चावी स्पेअरवरूनच कापून घ्या, तुटलेल्या तुकड्यांवरून नाही. झिजलेल्या चावीची नक्कल झिजलेलीच निघते.

दारात सहज, इग्निशनमध्ये अडते: पत्त्या झिजल्या आहेत किंवा आत घाण आहे. इग्निशन दिवसातून वीस वेळा फिरतं, रिमोट आल्यापासून दाराचं कुलूप महिन्यातून एकदाही नाही, म्हणून ही तुलना कामाची. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, वाळवून, कोरडं वंगण द्या. फरक पडला नाही तर कुलूप खोलून पत्त्या बदलायला द्या.

स्टीअरिंग हलवल्यावर लगेच फिरते, एरवी अडते: कुलपात दोष नाही, पार्किंगच्या सवयीत आहे. साताऱ्याच्या चढांवर हे सगळ्यात जास्त. चाकं फुटपाथकडे वळवून गाडी टेकवली की चाकांचा ताण स्टीअरिंग लॉकच्या खिट्टीवर येतो. सकाळी तो ताण मनगटाने मोडायला गेलं की पितळ हरतं. चाकं वळवणं बरोबरच आहे, ते सोडू नका. पण सकाळी एका हाताने स्टीअरिंग ज्या बाजूला किंचित देतंय त्या बाजूला दाबून धरा आणि मग दोन बोटांनी चावी फिरवा. दोन बोटांनी फिरत नसेल तर मुठीने फिरवायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्म्या चाव्या वाचतात.

पुरात राहिलेल्या गाड्यांची गोष्ट निराळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. अशा पाण्यातली गाळवट माती इतकी बारीक असते की कुलपात शिरून वाळली की सिमेंटसारखी बसते. इंजिन, सीट, वायरिंग सगळं साफ होतं आणि कुलूप तेवढं राहून जातं. सेकंडहँड गाडी घेताना सीटबेल्ट पूर्ण ओढून तळाशी मातीची रेघ आहे का ते बघतात, तशीच इग्निशनमध्ये चावी घालून चरचर येते का तेही बघावं. अशा कुलपाला वरून स्प्रे मारून उपयोग नाही. ते काढून धुवावं लागतं.

हवामानाचाही वाटा आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात जेमतेम पाचशे. तिकडे पोलादी स्प्रिंगा गंजतात, इकडे धुळीने पत्त्या अडकतात. घाटमाथ्यावरच्या गाड्यांना पावसाळ्यानंतर एकदा, दुष्काळी भागातल्या गाड्यांना उन्हाळ्यानंतर एकदा कोरडं वंगण द्या. वर्षात दोनदाच्या वर नको.

किचेनचा गठ्ठा काढून टाका. घराच्या, कपाटाच्या, मोटारपंपाच्या चाव्या आणि वर देवाची पितळी मूर्ती, हे सगळं गाडी चालताना इग्निशनला लोंबकळत आणि हलत असतं. ते वजन चावीच्या सर्वांत खोल खाचेवर आणि पहिल्या दोन पत्त्यांवर पडतं. गाडीची चावी एकटी ठेवा. आणि तिने रंगाचे डबे, सोड्याची बाटली उघडू नका. पातं तिथे वाकतं आणि तुटतं मात्र इग्निशनमध्ये.

तुटलेले तुकडे जोडून डाग देणारे कारागीर भेटतात. नको. डाग दिलेली जागा जाड होते, ती पत्त्या वाकवते आणि पुढच्या वेळी तिथेच, पण कुलपाच्या आत खोल तुटते.

नवी गाडी घेताना चाव्यांबरोबर एक छोटी पट्टी किंवा बिल्ला मिळतो, त्यावर चावीचा नंबर असतो. त्या नंबरावरून कारखान्याच्या मापाची, न झिजलेली चावी कापता येते. नंबराचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि बिल्ला घरच्या कागदपत्रांच्या फायलीत. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवलेला बिल्ला चोराच्या उपयोगाचा असतो.